बर्फाची नदी : गंगोत्री राष्ट्रीय उद्यान



खातेगांवच्या मुलांना नदी म्हणजे काय हे पुस्तकातून शिकविण्याची गरज नाही. नेमावरच्या घाटावर, सिद्धनाथाच्या देवळाखाली उभे राहिले की समोर हंडियाचा किनारा दिसतो आणि मधून नर्मदामाई पश्चिमेकडे जात असते. अमरकंटकच्या डोंगरात सुमारे एक हजार मीटर उंचीवर तिचा उगम आहे आणि तेथून १,३१२ किलोमीटरांची वाट चालून ती समुद्रास मिळते. तिचे सारे पाणी पावसाचे, किंवा पावसाचे जमिनीत मुरून पुन्हा झऱ्यांवाटे वर आलेले. त्यात बर्फाचा एक थेंबही नाही. म्हणून पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात रोडावणारी नदी, हेच नदीचे स्वाभाविक रूप होय, अशी आपली समजूत झालेली असते.

परंतु याच देशात अशीही एक नदी आहे की, जिचे पाणी ज्येष्ठातल्या कडक उन्हात, पावसाचा थेंब पडलेला नसताना, दिवसेंदिवस वाढत जाते. एवढेच नव्हे, तर एकाच दिवसात सकाळी कमी आणि सायंकाळी जास्त असे तिचे मान बदलत असते. ती नदी म्हणजे गंगेचा मूळ प्रवाह असलेली भागीरथी. असे का होते, हे समजून घ्यावयाचे तर गंगोत्री राष्ट्रीय उद्यानात, गोमुखापर्यंत पायी जावे लागेल. निदान कागदावर तरी आपण तेथवर जाऊन येऊ.

प्रथम ‘राष्ट्रीय उद्यान’ या शब्दाविषयी. उद्यान म्हटले की फुलझाडांचे वाफे आणि बसावयाचे बाक डोळ्यांपुढे येतात. येथे तसले काही नाही. आपल्या जवळच्या खिवनीच्या जंगलाला अभयारण्य म्हणतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात आसपासच्या लोकांचे काही हक्क, जसे गुरे चारण्याचे, राखून ठेवता येतात. राष्ट्रीय उद्यानात मात्र गुरे चारण्यासही मनाई असते. गंगोत्री राष्ट्रीय उद्यान उत्तराखंडातील उत्तरकाशी जिल्ह्यात असून त्याची स्थापना १९८९ साली झाली. क्षेत्रफळ सुमारे २,३९० चौरस किलोमीटर. त्यातील फार मोठा भाग बर्फ, खडक आणि हिमनद्या यांनीच व्यापलेला आहे. भरल नावाच्या निळसर छटेच्या रानमेंढ्या, कस्तुरीमृग, मोनाल पक्षी आणि क्वचितच दृष्टीस पडणारा हिमबिबट्या ही तेथील मुख्य प्रजा.

आपल्याकडून जाणारा मनुष्य हरद्याला किंवा इंदुरास आगगाडीत बसतो, दिल्लीवरून हरिद्वार-ऋषीकेशला उतरतो आणि तेथून मोटारीने उत्तरकाशी गाठतो. उत्तरकाशीस १९६५ साली स्थापन झालेली नेहरू गिर्यारोहण संस्था आहे. तेथून गंगोत्री सुमारे शंभर किलोमीटर. काकासाहेब कालेलकर १९१२ मध्ये या प्रदेशात हिंडले ते पायी. साताऱ्यात जन्मलेल्या या मराठी गृहस्थांनी आपला हिमालयाचा प्रवास गुजरातीत लिहिला, आणि तो मराठी वाचकांनीही पुढे आपलासा केला. आज गंगोत्रीच्या देवळापर्यंत मोटार जाते. ही सोय मोठी खरी, पण तिच्यात एक धोकाही आहे. पायी जाणाऱ्याचे शरीर हळूहळू उंचीला सरावत असे. मोटारीतला मनुष्य एका दिवसात तीन हजार मीटरांवर जाऊन पोहोचतो. चार हजार मीटरांवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे तीन-पंचमांशच उरतो. डोके ठणकणे, मळमळणे, झोप न लागणे ही विरळ हवेची लक्षणे होत आणि त्यांवर उत्तम औषध म्हणजे वर न जाता थांबणे, त्रास वाढल्यास खाली उतरणे. म्हणून गंगोत्रीस निदान एक दिवस मुक्काम करून मगच पुढे निघावे.

गंगोत्रीहून गोमुख सुमारे १८ किलोमीटर. पुढे जाण्यास वनखात्याचा परवाना लागतो आणि दिवसास दीडशेहून अधिक माणसांना तो दिला जात नाही. देऊळ मागे टाकले की वाट नदीला उजव्या हाताशी ठेवून वर चढू लागते. या वाटेवर वनस्पतिशास्त्राचा एक धडा न बोलता शिकायला मिळतो. प्रारंभी देवदारांची दाट छाया असते. नऊ किलोमीटरांवर चीडबासा येते. ‘बासा’ म्हणजे वस्ती, चिडाच्या झाडांची वस्ती. त्यानंतर दगड कोसळण्याचा टापू लागतो. तेथे गप्पा बंद करून, वर लक्ष ठेवून भरभर निघून जावे. चौदाव्या किलोमीटरावर भोजबासा. ज्याच्या सालीवर आपल्या पूर्वजांनी ग्रंथ लिहिले त्या भूर्जवृक्षाची ही वस्ती. पण नावाप्रमाणे झाडे शोधू लागाल तर निराश व्हाल. यात्रेकरूंच्या आणि साधूंच्या चुलींत बरीचशी झाडे जळून गेली. इतक्या उंचीवर झाड वाढावयास पिढी जाते आणि तोडावयास घटका पुरते. डॉ. हर्षवंती बिष्ट या गिर्यारोहक बाईंनी १९९० च्या दशकात चीडबासास रोपवाटिका करून भूर्जाची रोपे पुन्हा लावण्याचे काम हाती घेतले. १९८१ साली नंदादेवीसारखे शिखर चढून आलेल्या बाईंनी पुढे वाकून रोपे लावावीत, हे मला त्या शिखरारोहणाइतकेच मोठे वाटते.

भोजबासाच्या पुढे झाडे संपतात. दगड, वाळू आणि समोर भागीरथी पर्वताची तीन शिखरे, त्यांतील सर्वांत उंच ६,८५६ मीटर. थोडे पुढे गेले की ६,५४३ मीटर उंचीचे शिवलिंग वर डोके काढते. आणि मग, सुमारे चार हजार मीटर उंचीवर, गोमुख.

येथे पुष्कळांचा हिरमोड होतो. चित्रात पाहिलेली शुभ्र, चकचकीत हिमनदी कोठेच नसते. समोर उभी असते ती दगडधोंड्यांनी माखलेली, मळकट, काळसर भिंत. तिच्या पायथ्याशी एक गुहा असते आणि तिच्यातून करड्या रंगाचे पाणी गर्जना करीत बाहेर पडत असते. मात्र जेथे नुकताच कडा तुटलेला असतो तेथे आतला निळा रंग दिसतो. तो खरा बर्फ. शतकानुशतकांच्या दाबाने त्यातील हवा निघून गेलेली असते. असा घट्ट बर्फ प्रकाशातील तांबडा भाग शोषून घेतो आणि निळा तेवढा परत पाठवितो.

हा बर्फ तयार कसा होतो? उंच डोंगरांत पडणारे ताजे हिम कापसासारखे असते. त्यात नव्वद टक्के हवाच असते म्हणा ना. उन्हाळ्यात ते सगळे वितळत नाही. त्याच्यावर पुढच्या वर्षीचा थर बसतो, त्यावर आणखी एक. खालचे हिम दाबले जाऊन प्रथम दाणेदार साखरेसारखे आणि मग सलग बर्फ बनते. थर पुरेसा जाड झाला की तो स्वतःच्या भाराने उतारावरून सरकू लागतो. बर्फ ही कठीण वस्तू. ती वाहील कशी, असे तुम्ही विचाराल. लाखेची कांडी हातात धरून आपटली तर तुटते, पण दोन टोकांवर आडवी ठेवून दिली तर महिन्यांनी मध्ये वाकलेली दिसते. तसेच येथे घडते. वरचा थर ठिसूळ राहून त्याला भेगा पडतात, खालचा दाबाखाली संथपणे वाहतो, आणि तळाशी सुटलेल्या पाण्यावरून सगळी राशच घसरत असते.

गंगोत्रीची हिमनदी सुमारे तीस किलोमीटर लांब आहे. चौखंबा या ७,१३८ मीटर उंचीच्या पर्वताकडून ती खाली येते आणि वाटेत तिला उपनद्या मिळतात, त्याही बर्फाच्याच. गढवाली लोक हिमनदीला ‘बमक’ म्हणतात. रक्तवर्ण बमक, चतुरंगी बमक, कीर्ती बमक ही त्यांची नावे पाहा. पहिलीच्या पाठीवरील दगड तांबूस, दुसरीच्या पाठीवर चार रंगांच्या दगडांच्या ओळी. नकाशे काढणारे येण्याच्या पुष्कळ आधी तेथील मेंढपाळांनी भूशास्त्र असे नावांत लिहून ठेवले होते. माझी मातृभाषा कोकणी. भरती, सुकती, खाजण, मानस अशा खाऱ्या पाण्याच्या शब्दांनी ती भरलेली आहे. पण हिमनदीला तिच्यात घरचा शब्द नाही, आणि मराठीतला ‘हिमनदी’ हाही पंडितांनी घडविलेला. ‘बमक’ ऐकल्यावर मात्र ती वस्तू कोणाच्या तरी अंगणातली आहे असे वाटते.

हिमनदी सरकताना कडेचे खडक खरवडते. ते तुकडे ती दोन्ही काठांना आणि तोंडाशी रचून ठेवते, त्या ढिगाऱ्यांना हिमोढ म्हणतात. तळाचे खडक जात्यासारखे दळले जाऊन त्यांचे पीठ होते आणि ते पाण्यात मिसळते, म्हणून भागीरथीचे पाणी उगमापाशी करडे असते. यात्रेकरू बाटली भरून आणतात तेव्हा तळाशी जो साका बसतो, तो हिमालयाचे पीठ होय. गंगाजल देशभर नेण्याची परंपरा आपल्या माळव्यास परकी नाही. दूरदूरच्या देवळांत गंगोदक पोहोचविण्याची व्यवस्था पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांनी लावून दिली होती.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. सूर्य वर चढू लागला की हिमनदीचा पृष्ठभाग वितळू लागतो; ते पाणी भेगांतून, पोटातल्या बोगद्यांतून वाट काढीत गोमुखाशी येईपर्यंत दुपार उलटून जाते. म्हणून सायंकाळी प्रवाह भरतो. रात्री गारठ्याने वितळणे मंदावते आणि पहाटे प्रवाह सर्वांत कमी असतो. कोकणात आम्ही भरती-सुकती पाहत वाढलो. ती दिवसातून दोनदा येते आणि तिचा धनी मुख्यतः चंद्र. या डोंगरी भरतीचा धनी सूर्य आणि ती दिवसातून एकदाच येते. पहाडातले वाटाडे ओढे ओलांडायचे ते सकाळी, असा आग्रह धरतात; त्याचे कारण हेच. सकाळी गुडघाभर असलेला ओढा सायंकाळी माणसाला वाहून नेऊ शकतो. रुडकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेने भोजबासाजवळ या प्रवाहाचे मापन वर्षानुवर्षे केलेले आहे.

यावरून कोणी असा समज करून घेऊ नये की सारी गंगा बर्फाचीच आहे. खाली देवप्रयागास अलकनंदा मिळते, तेथपर्यंतच्या वर्षभराच्या पाण्यात हिम व बर्फ यांचा वाटा सुमारे तीन-दशांश भरतो. मैदानात उतरल्यावर पावसाचे आणि भूजलाचे पाणी त्याहून कितीतरी अधिक होते. ‘हिमनद्या गेल्या की गंगा आटणार’ असे जे सरसकट लिहिले जाते ते बरोबर नाही. पण पावसाआधीच्या चैत्र-वैशाख-ज्येष्ठात, जेव्हा पहाडातल्या शेताला आणि गावाला पाण्याची खरी निकड असते, तेव्हा हा वाटा मोठा असतो. नर्मदेपाशी अशी उन्हाळ्याची शिल्लक नाही. गंगेपाशी आहे, आणि ती शिल्लक कमी होत चालली आहे.

कमी होते हे कशावरून? मोजमापावरून. १८१७ च्या मे महिन्यात कॅप्टन हॉजसन हा मोजणी अधिकारी गोमुखाशी पोहोचला आणि त्याने त्या स्थळाचे वर्णन लिहून ठेवले. १९३५ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे जॉन ऑडन यांनी हिमनदीच्या तोंडाचा नकाशा काढला. (प्रसिद्ध इंग्रज कवी ऑडन यांचे हे थोरले बंधू, एका घरात एकाने शब्द मोजले, दुसऱ्याने बर्फ.) पुढील मापनांची त्या नकाशाशी तुलना केली असता १९३५ ते १९९६ या काळात गोमुख एक किलोमीटरहून अधिक मागे गेल्याचे आढळले, सरासरीने वर्षाला सुमारे १९ मीटर. नंतरच्या काही वर्षांत ही गती कमी झाली, पण माघार थांबलेली नाही.

हिमनदी पुढे सरकते असेही मी म्हटले आणि मागे हटते असेही. हे कसे? आपल्या खातेगांवच्या मंडीत हंगामात ट्रॉल्या एकामागून एक येतात आणि सोयाबीनचे ढीग लागतात. माल सारखा पुढे येत असतो. पण जर उचल आवकेपेक्षा जास्त असेल तर ढिगाची कड मागे मागे जाते. हिमनदीचेही तसेच. वरून बर्फ येतच असतो. खाली वितळणे त्याहून अधिक असेल तर तोंड मागे हटते. हवा तापली की उचल वाढते. त्यात दगडमातीचाही एक चमत्कारिक भाग आहे. काजळीचा किंवा धुळीचा पातळ थर बर्फावर बसला तर तो ऊन शोषून वितळणे वाढवितो. पण दगडांचा जाड थर असेल तर तोच बर्फाला उन्हापासून झाकतो. बाजारात बर्फाची लादी भुशात आणि गोणपाटात गुंडाळून ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. म्हणून शेजारशेजारच्या दोन हिमनद्याही सारख्या वेगाने हटत नाहीत.

पायी न जाता ही शोभा विमानातून पाहता येईल काय, असे पुष्कळ विद्यार्थी विचारतात. त्याचे उत्तम उदाहरण दक्षिण गोलार्धात आहे. न्यूझीलंडमधील आओराकी अथवा माउंट कुक राष्ट्रीय उद्यान १९५३ साली स्थापन झाले. तेथील ३,७२४ मीटर उंचीचे आओराकी शिखर न्गाई ताहू या माओरी लोकांना पूर्वजासारखे पूज्य आहे. त्या उद्यानातील टास्मन हिमनदीवर १९५५ साली हॅरी विग्ली याने चाकांखाली घसरपट्ट्या लावलेले विमान प्रथम उतरविले, आणि तेव्हापासून प्रवाशांना हिमनदीवरून फिरवून आणणे हा तेथला नेहमीचा व्यवसाय झाला. वरून पाहिले म्हणजे हिमनदीची संपूर्ण आकृती कळते. उपनद्या कोठे मिळतात, त्यांच्या हिमोढांच्या काळ्या रेघा कशा समांतर वाहत येतात, भेगा कोठे पडतात, हे पायी चालणाऱ्यास जन्मभरात कळणार नाही ते अर्ध्या तासात दिसते. तेथेही माघार आहेच. टास्मनच्या तोंडाशी १९७० च्या सुमारास सरोवर म्हणण्याजोगे काही नव्हते. आज तेथे अनेक किलोमीटर लांबीचे सरोवर असून त्यात नावा चालतात. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी याच डोंगरांत तयार झाले, आणि १९७७ साली तेच हिलरी वेगवान नौका घेऊन गंगासागराहून गंगेच्या उलट्या प्रवाहात निघाले व पार नंदप्रयागाच्या आसपासपर्यंत चढून गेले.

आपल्या हिमालयात मात्र विमानसफरीविषयी मी उत्साह दाखविणार नाही. दऱ्या अरुंद, ढग क्षणात उतरणारे. चारधामच्या यात्रेसाठी हेलिकॉप्टरे हरसिलपर्यंत येतात. पण २०२५ च्या मे महिन्यात उत्तरकाशी जिल्ह्यात गंगनानीजवळ एक हेलिकॉप्टर कोसळून सहा जण मृत्यू पावले. त्याच वर्षी ५ ऑगस्ट रोजी गंगोत्रीच्या वाटेवरील धराली गावावर खीरगंगेतून दगडमातीचा लोंढा आला आणि गाव गाडले गेले. रस्ते तुटले, महाराष्ट्रातून गेलेले यात्रेकरूही वर अडकून पडले, आणि तेव्हा त्यांना सोडविले ते हेलिकॉप्टरांनीच. यंत्र तेच, हौशीसाठी निराळे आणि संकटात निराळे. गोमुख ते उत्तरकाशी हा भागीरथीचा टापू २०१२ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला आहे. नदीच्या जुन्या गाळावर घरे व निवासगृहे बांधू नयेत, हे धरालीने ज्या किमतीला शिकविले ती किंमत फार मोठी होती. आकाशातूनच पाहावयाचे असेल तर भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या उपग्रहांनी घेतलेली चित्रे आहेत. निरनिराळ्या वर्षांची दोन चित्रे शेजारी ठेवली तर गोमुखाची माघार शाळेतल्या बाकावर बसून पट्टीने मोजता येते. दिल्लीहून लेहला जाणाऱ्या साध्या विमानातही खिडकीजवळ जागा मिळाली तर हिमनद्या दिसतात.

जाण्याचा काळ मे-जून किंवा पाऊस ओसरल्यावरचा सप्टेंबर. माझ्या मते सप्टेंबर बरा; आकाश स्वच्छ असते आणि गर्दी कमी. लोकरीचे कपडे, चांगले जोडे, हातात काठी, आणि नेलेला प्रत्येक कागद परत आणण्यासाठी एक पिशवी. गोमुखाच्या गुहेजवळ जाऊ नये. कडा केव्हा तुटेल याचा नेम नसतो, आणि तुटणारा तुकडा घराएवढा असू शकतो. लांबूनही त्याचा आवाज ऐकू येतो. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, अन्नकूटाला, गंगोत्रीचे देऊळ बंद होते आणि गंगामातेची मूर्ती खाली मुखबा गावी नेतात. थोड्याच दिवसांनी उद्यानाचे फाटकही लागते. मग एप्रिलपर्यंत तेथे कोणी जात नाही. ओढे गोठतात, भागीरथीची एक बारीक निळी धार तेवढी वाहत राहते, आणि वर चौखंब्याच्या बाजूला पुढच्या कित्येक शतकांनंतर गोमुखाशी पोहोचावयाचे हिम पडत असते.